गड्याचा हळू आवाज

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी आधी मला लोखंडी खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं अवाक्षर नाही. ओसरीवर माझ्या खांद्याइतके उंच दोन स्पीकर उभे होते आणि त्यांच्यापासून चार पावलांवर मी. हलगी कडाडली, मागून ढोलकी आली आणि मग एका माणसाचा आवाज आला. गावच्या पाणवठ्यापासून थेट दिल्लीपर्यंत सगळ्यांना तो जाब विचारत होता. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसा वाटला?"

"मोठा आहे," मी म्हटलं.

"आवाज, का माणूस?"

"दोन्ही."

"मग ऱ्हावा," ते म्हणाले. "खोली तुमची."

खोटं कशाला बोलू, डोकं ठणकत होतं. पण कोळवणच्या उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नुकतीच बदली झाली होती, पुण्याहून एसटीनं रोज ये-जा करून कंबर मोडली होती आणि गावातल्या बऱ्या खोल्या फार्महाऊसवाल्यांच्या ड्रायव्हर-माळ्यांनी आधीच धरल्या होत्या. अडला हरी. मी सामान आणून टाकलं आणि पुढची पाच वर्षं रोज सकाळी आठ वाजता तेच गाणं ऐकत वेणी घातली.

काकांचा धंदा साऊंडचा. खोऱ्यात कुठं लग्न, बारसं, जयंती, शाळेचं गॅदरिंग असलं की त्यांचा छोटा टेम्पो मांडवाच्याही आधी पोचायचा. दोन मोठ्या बॉक्सना त्यांनी थोरला मेव्हणा आणि धाकटा मेव्हणा अशी नावं दिली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "लाइट लई खात्यात आन वरडत्यात." काकू तिथंच तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझ्या भावांच्या घरी जेवायला बसला की तुमाला उठवावं लागतं, त्ये सांगा की सिस्टरला."

शर्टाच्या खिशात टेस्टर, काळ्या टेपची गुंडाळी आणि एक पांढरास्वच्छ रुमाल. रुमाल फक्त माईक पुसायला. स्वतःच्या कपाळावरचा घाम ते बाहीला पुसत. तोंडात तंबाखू असलेल्या माणसाच्या हाती त्यांनी माईक कधी दिला नाही. मग तो नवरदेवाचा मामा असो की सरपंच. "आदी चूळ भरा," असं भर मांडवात सांगायचे. म्हणायचे, "माईक म्हंजी समद्या गावाचं त्वांड. त्यात घाण न्हाई करायची." एकदा एका फार्महाऊसवर पोरांनी कसलंसं घाणेरडं गाणं मागितलं, तर या माणसानं जोडलेल्या वायरी सोडल्या, टेम्पो वळवला आणि जेवायच्या वेळेला घरी. काकूंनी विचारलं, "आज लवकर?" तर म्हणाले, "त्यांची गाणी आजारी व्हती."

आणि आठवड्याचे सातही दिवस, बॉक्स तपासायला असो की स्वतःच्या समाधानाला, गाणं एकाच माणसाचं. काका त्याचं नाव कधी घेत नसत, 'गडी' म्हणत, म्हणून मीही घेत नाही. लांबच्या जिल्ह्यातला माणूस. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, स्वतः गायचा. वयानं काकांच्याच बरोबरीचा. काका ऐन तारुण्यात असताना पौडच्या मैदानात त्याचा कार्यक्रम ठरला होता. ज्याचं साऊंड यायचं तो वाटेत अडकला आणि काकांनी आपले दोन जुने बॉक्स बैलगाडीतून नेऊन लावले. कार्यक्रम झाल्यावर गड्यानं त्यांच्याबरोबर एकाच बशीतून चहा घेतला आणि म्हणाला, "तुमच्या डब्यातून माझा आवाज माझ्यापेक्षा बरा लागतो." ही गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली असेल. चहा कधी कोरा असायचा, कधी दुधाचा. वाक्य मात्र दर वेळी तेच.

"जरा हळू लावाल का," असं मी पहिल्या महिन्यात एकदा म्हणून पाहिलं. काका माझ्याकडं बघत राहिले, रागानं नाही, कीव आल्यागत. "सिस्टर, गडी हळू ऐकायचा नसतो. हळू आवाजात लोक दुखणी सांगत्यात." पुन्हा म्हणून मी बोलले नाही.

मी तिथं राहायला गेल्याच्या चौथ्या वर्षी गड्याचा नवा अल्बम आला. मला तो माझ्या भाचीनं मोबाईलवर पाठवला. म्हणाली, "मावशी, तुझ्या घरमालकांचा हीरो बघ काय गायलाय." लसीकरणाच्या दिवशी छत्तीस पोरांचं रडणं ऐकून मी खोलीवर आले होते, कान किटले होते, त्याचं तर अजिबात ऐकायचं नव्हतं. तरी लावला. हलगी नाही, ढोलकी नाही, कोरस नाही. एक पेटी, कुठं कुठं बासरी आणि तो. आवाज तोच, पण ओरडून ओरडून झाल्यावर माणूस पायरीवर बसतो ना, तसा बसलेला. आठ गाणी. एक गाणं मेलेल्या वैऱ्यावर होतं, ज्याच्याशी तो जन्मभर भांडला आणि ज्याच्या मयताला गेल्यावर त्याला कुणी पाणी विचारलं नाही. एक गाणं घरातल्या जुन्या चपलांवर. आणि तिसरं बायकोवर. त्यातल्या दोन ओळी मला पाठ आहेत:

मैदानात ओरडून आलो, घरात आवाज उरला थोडा,
तेवढ्यात तुझं नाव बसतं, बाकीचा पसारा सोडा.

मी रडले. सांगायला काय लाज. या माणसाच्या गाण्यांनी चार वर्षं माझं डोकं उठवलं होतं, आणि त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की तो इतका ओरडत होता तो कुणाला घाबरवायला नव्हे. त्याला कुणीतरी ऐकावं एवढंच होतं. त्यानंतर मी त्याची जुनी गाणीसुद्धा वेगळी ऐकायला लागले. सकाळी आठच्या गाण्यात एका ठिकाणी तो श्वास घेतो. तो श्वास मला आधी कधी ऐकूच आला नव्हता. म्हटलं, काकांना किती आनंद होईल. त्यांचा गडी शेवटी माझ्यासारखीलाही कळला.

तर काकांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. एसटी थांब्याजवळच्या चहाच्या गाड्यावर, पाच-सात माणसांत उभं राहून त्यांनी सांगितलं, "गडी संपला. गिरणीचा पट्टाच काढून ठिवलाय. नुसता पुटपुटतोय, सबूद कळंल तर शपथ." भातगिरणीचा मालक सगळ्यात जोरात म्हणाला, "बरूबर हाय. मी बी ऐकलं. कायबी न्हाई त्यात." आणि झालं. आमच्या खोऱ्यात गाण्याच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा. पुढं दोन-तीन लग्नांत कुणी ती गाणी मागितली, तर काकांनी नाही म्हणून मान हलवली. लोकांनीही ती ऐकायचं सोडून दिलं. न ऐकताच सोडून दिलं म्हणा.

मला राग आला. पाचव्या दिवशी मी ओसरीवर जाऊन उभी राहिले. "काका, तुम्ही अन्याय करताय त्या माणसावर. तिसरं गाणं तरी नीट ऐका. शेवटाला शब्द थांबतात आणि नुसती बासरी राहते, ते ऐकून..."

"बासरी?" काका म्हणाले. "कुटली बासरी?"

"तिसऱ्या गाण्यातली. सुरुवातीपासून आहे."

"न्हाई. पेटी हाय नुसती."

मला वाटलं थट्टा करतायत. मी मोबाईल काढला, ते गाणं लावलं आणि त्यांच्या कानाजवळ धरला. बासरी वाजत होती. काका माझ्या चेहऱ्याकडं बघत होते, माझा चेहरा काय सांगतो ते वाचत होते. मग म्हणाले, "हां, हाय हाय," आणि उठून टेम्पोकडं गेले. ते 'हाय' म्हणाले तेव्हा गाण्यातली बासरी थांबलेली होती.

त्या क्षणी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. एवढी नर्स मी. एका भिंतीपलीकडं राहते. पाठीमागून हाक मारली की काका वळत नाहीत, हे मी त्यांचा ताठा समजत होते. त्यांच्या साऊंडचा कर्कश भाग अलीकडं कानात घुसतो असं लोक म्हणत, ते मी लोकांचे चोचले समजत होते. कर्ण्याचा बारीक, चिरका आवाज काका वर्षागणिक वाढवत होते, कारण त्यांच्या कानापर्यंत तो पोचतच नव्हता.

काकू मोरीपाशी भांडी घासत होत्या. मी जाऊन बसले आणि विचारलं. त्यांनी नळ बंद केला.

"चार वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "फोन मीच घेते. तारीख, गाव, मंडपवाला कोण, समदं मी इचारते आन मंग त्यांच्याम्होरं बसून सांगते. व्हटांकडं बघून कळतं त्यांना."

"म्हणून तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पोत बरोबर असता?"

"लोकं चिडवत्यात, म्हातारपणी जोडी सुटंना म्हणून. चिडवू द्या. कुणी माईकवरनं काय मागितलं तर मी गुडघ्याला हात लावते. एकदा लावला तर वाढवायचं, दोनदा लावला तर कमी." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, कुटं बोलू नका. साऊंडवाला भैरा हाय म्हणल्यावर कोण बोलवंल? त्यांना दुसरं काय येतं का?"

मी कुणाला सांगितलं नाही. पण काकांना एकटं गाठून म्हटलं, कान तपासून घ्या, माझ्या ओळखीनं पुण्याच्या सरकारी दवाखान्यात सोय करते. ते म्हणाले, "माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

मग काकूंच्या भाचीचं लग्न आलं. घरचंच कार्य, म्हणून काकू त्या दिवशी टेम्पोत काकांशेजारी नव्हत्या, नवरीपाशी होत्या. आशीर्वाद द्यायला एक पाहुणे उठले, त्यांनी माईक हातात घेतला आणि चालत चालत थेट त्या मोठ्या बॉक्ससमोर, थोरल्या मेव्हण्यासमोर जाऊन उभे राहिले. माईकनं शिट्टी मारली. साधी नाही, दातातून कळ जाईल अशी. अख्ख्या मांडवानं कानावर हात दाबले. लहान पोरं रडायला लागली, कुत्री पळाली. आणि काका आपल्या मशीनपाशी हात मागं बांधून समाधानानं उभे होते. नजर फक्त पाहुण्यांच्या ओठांवर; त्यांना वाटलं, पाहुणे लोकांना हसवतायत.

नवरीजवळून काकू धावत आल्या. शालूचा पदर सावरत त्यांनी बटण पिळलं. शिट्टी थांबली. काकांनी ओठांनीच विचारलं, काय झालं. काकू म्हणाल्या, "शिट्टी." बाकी सगळ्यांना वाटलं मशीन बिघडलं. काका मात्र दुसऱ्या बॉक्सला, धाकट्या मेव्हण्याला टेकून खाली बसले. ज्या आवाजाची चाहूल लागताच साऊंडवाला झोपेतून उठतो, तो आवाज अर्धा मिनिट वाजला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं आणि गेले नाही. त्यांना तेव्हा कुणी बघितलेलं आवडलं नसतं.

पुढच्या बुधवारी लसीकरण होतं. मी नावं पुकारत होते आणि बाकावर बघते तर दोन लेकुरवाळ्या बायांच्या मधे काका. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. शेजारचं पोर त्यांच्या खिशातला टेस्टर ओढत होतं. "तुम्ही आत या ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "नंबर येऊ द्या माझा." तो आला तेव्हा खुर्चीत बसून म्हणाले, "त्या दवाखान्याचं लिहून द्या."

पुण्याला मीच घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं असतं. काका बाहेर येऊन मला म्हणाले, "तपासणारा मानूस चांगला हाय, पर मशीन बंद असावं त्याचं. निम्मा वेळ वाजलंच न्हाई." त्यांनीच थोड्या वेळानं विचारलं, "वाजत व्हतं का?" मी हो म्हणून मान डोलावली. परतीच्या एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले.

कानाचं मशीन मिळायला दीड महिना गेला. पहिला आठवडा काका वैतागले. पातेली एवढी वाजतात का, चप्पल एवढी फटफटते का, तुम्ही रोज एवढं ओरडून बोलता का. आम्ही ओरडूनच बोलत होतो, सवयीनं. मग एका दुपारी त्यांनी काकूंना समोर बसवलं, मला हाक मारली आणि छोट्या बॉक्सवर तो अल्बम लावला. एकदा पूर्ण. मग तिसरं गाणं पुन्हा. बायकोवरचं. काकू पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. गाणं संपलं तरी बासरी चालू होती आणि काका एक बोट वर धरून बसले होते, गप्प बसा अशा अर्थानं. ती थांबल्यावर त्यांनी बोट खाली घेतलं.

"मी ह्याला पुटपुटतोय म्हणालो," ते म्हणाले. आणि रडले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, एकदा की दोनदा ते मी मोजलं नाही.

मला वाटलं, झालं, गोड झालं. पण तो माणूस स्वस्थ बसेना. जेवताना मधेच थांबायचे. चार दिवसांनी म्हणाले, "चारचौघांत नावं ठिवली म्या त्याला. आता चारचौघांतच मागं घ्याया पायजेत." काकूंनी हात जोडले. "घरात म्हणलात तेवढं बास. फोन करून सांगा त्याला पाहिजे तर. गावात सांगितलं तर उद्यापास्नं टेम्पो दारात उभा ऱ्हाईल." काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यानं सारं आयुष्य मैदानात उभं राहून खरं सांगितलं. म्या त्याच्याच गाण्यावर प्वाट भरलं आन त्यालाच खोटं पाडलं, का तर माझी भैरेपणाची लाज राहावी म्हणून."

पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, बुद्धविहारात दर रविवारी दुपारी ग्रंथवाचन असतं आणि तिथलं साऊंड काका लावतात, पैसे न घेता. त्या रविवारी खोऱ्यातले बरेच लोक आले होते, आमच्या वस्तीतलेच नाहीत, चहाच्या गाड्यावरचे सगळेच. काकांनीच प्रत्येकाला जाऊन बोलावलं होतं. वाचन संपलं, शेवटची वंदना, सरणत्तयं झालं, आणि काकांनी रुमालानं माईक पुसला. जन्मभर दुसऱ्यांना माईक देणाऱ्या माणसानं तो पहिल्यांदा स्वतः बोलायला तोंडाशी धरला.

"मंडळी, दोन मिन्टं. गड्याच्या नव्या गाण्यांना म्या नावं ठिवली. गाड्यावर ठिवली, लग्नात ठिवली, जितं बसलो तितं ठिवली. गाणी चांगली हायेत. वाईट माझं कान हायेत. चार वर्सं झाली, मला धड ऐकू येत न्हाई. तुमच्या पोराबाळांच्या लग्नात म्या अंदाजानं वाजवलंय. ज्याला बोलवायचं त्यानं बोलवा, न बोलवायचं त्यानं नका बोलवू. पर गड्याची त्यात चूक न्हाई, एवढं ध्यानात ठिवा." आणि त्यांनी कानामागचं मशीन बोटानं दाखवलं.

मग तिसरं गाणं लावलं, अगदी हळू. त्यांच्या बॉक्समधून एवढा हळू आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. बाया पुढं सरकल्या. मागं दोघं-तिघं खुसखुसले, त्यातल्या एकाच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. गाणं संपलं. लोक चपला शोधायला लागले. महिन्यानंतरच्या एका लग्नाची सुपारी घेतलेली होती, त्या घरचा माणूस काकूंना बाजूला घेऊन 'बघतो, कळवतो' असं म्हणाला. काकू वायरी गुंडाळत होत्या. काका त्यांना म्हणाले, "झालं आता. जेवाय वाढ घरी जाऊन." मी त्या दिवशी त्यांच्याएवढी हिंमत दाखवू शकले नसते, हे मला माहीत आहे.

सोमवारी सकाळी उपकेंद्राचं कुलूप काढायला गेले तर दारात तिघं उभे. दोन म्हातारे आणि त्यांच्यापुढं भातगिरणीवाला. हा माणूस कायम ओरडून बोलायचा, मी ते त्याच्या पैशाचा माज समजत होते. तीस वर्षं गिरणीच्या धडधडीत उभा राहिलेला माणूस. त्यानं इकडं तिकडं बघितलं, मला वाटलं आता हळू बोलेल, पण तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "सिस्टर, काल विहारात मी तितंच बसलो व्हतो. त्यानं श्येवटाला गाणं लावलं म्हणत्यात. खरंच लावलं व्हतं का?"

मी तिघांनाही आत बसवलं आणि केसपेपर काढले.